अर्धा डबा तिचा, अर्धा माझा

मामा कोंबडीशी उर्दूत बोलायचा. घरात मराठी, भाजीवालीशी तेलुगू, कारखान्यात साहेबांशी इंग्रजी आणि कोंबडीशी उर्दू. मसाला माखलेली अख्खी कोंबडी दोन्ही हातांत तोलून तो तिला अर्ध्या भरलेल्या बिअरच्या डब्यावर अलगद बसवायचा, मान किंचित झुकवायचा आणि म्हणायचा, "आइए बेगमसाहेबा, तशरीफ रखिए." मग तिच्या मानेच्या भोकावर एक लहान लिंबू दाबून बसवायचा. "ताजाशिवाय बेगम कसली?" आणि ती खरोखरच निखाऱ्यांच्या मधोमध अशी ताठ बसायची, की पाहणाऱ्याला आपलं पाठीचं पोक आठवावं.

हा माझा धाकटा भाऊ. नाव बापू, पण तुमच्या आईमुळे आम्ही सगळेच त्याला मामा म्हणायला लागलो. तुमचा तो मामाआजोबा.

ईशान, परवा फोनवर तू मला तुझा नवा ग्रिल दाखवलास. मित्रांना जेवायला बोलावलंय म्हणालास आणि तुझ्या मोडक्या मराठीत विचारलंस, "आजी, मामाआजोबांची ती पडणारी कोंबडी कशी करायची?" मागून रेवा ओरडली, "ती डब्यावरून पडते ती!" तुम्ही दोघं खूप हसलात. मग तू हातातला डबा उंच धरून मामाच्याच थाटात म्हणालास, "अर्धा डबा तिचा, अर्धा माझा. बरोबर ना?"

मी म्हटलं, लिहून पाठवते.

हे मी मराठीत लिहिते आहे याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली तुमची आजी तुम्हाला नेहमी इंग्रजीतच लिहीत आली. इंग्रजीत लिहिलं असतं, तर तुम्ही हे आपापल्या खोलीत, एकेकटे, घाईत वाचलं असतं. ते मला नको आहे. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, म्हणून तुमच्या आईला हे मोठ्याने वाचावं लागेल आणि तिघांना एका जागी बसावं लागेल. वाचताना तिचा आवाज मध्येच थांबला, तर थांबू द्या. तिला घाई करू नका.

आता क्रमाने सांगते.

आमचं घर बरकतपुऱ्यात होतं. माझे वडील मराठवाड्यातली शेती भावांवर सोडून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि त्यांनी ते बांधलं. पुढे एक खोली, मधे एक, मग स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर फरशीचं अंगण. अंगणात नळ, धुण्याचा दगड आणि सीताफळाचं झाड. माझी आई, म्हणजे तुमची पणजी, मांस खात नसे. बाकीचे आम्ही सगळे खात होतो. पण कोंबडी काय किंवा मटण काय, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत येत नसे. रविवारी वडील मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडत आणि स्वतः रांधत. त्याची भांडी वेगळी, ती अंगणातल्याच फळीवर पालथी असायची. आम्ही सगळे बाहेर चटया टाकून जेवायचो. आई उंबऱ्याच्या आत पाटावर बसून गरम भाकरी वरूनच आमच्या ताटांत टाकायची. जेवण झालं की नळाखाली आंघोळ, आणि मगच आत. थंडी असो, ताप असो, त्यात सूट नव्हती.

मराठवाड्यात आमच्या बाजूच्या पुष्कळ घरांत असं असायचं. त्यामुळे आमच्याकडे मांस रांधायला बायका नाही, पुरुष शिकत. मामा वडिलांकडून शिकला.

आईचं एक वाक्य होतं: "मागं काय शिजतंय ते उंबऱ्याच्या आत विचारायचं नाही." ती पाठ फिरवून बसायची आणि फक्त एवढंच विचारायची, "झालं का रे?" वडील रविवारी चुलीपाशी एखादा पेला घ्यायचे, तेही त्या वाक्यात बसत होतं. पेला आत येत नव्हता, म्हणून तो नव्हताच. घर स्वच्छ होतं.

मामाचं लग्न जमलं नाही. मुली बघणं झालं, इकडून नकार, तिकडून नकार, आणि मग एक दिवस कुणी विषय काढेनासं झालं. तो रेल्वेच्या कारखान्यात होता. ब्रेकच्या नळ्यांमधली गळती शोधण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. नळीला कान लावायचा आणि म्हणायचा, "इथं बघा." वडील गेल्यावर घरात तो आणि आई दोघंच उरली. मी लग्न होऊन तारनाक्याला आले होते. रविवारी आम्ही बरकतपुऱ्याला जायचो. तुमचे आजोबा मामाचे दाजी, आणि दाजी आले की अंगणात चूल पेटलीच.

तुमची आई अमेरिकेहून पहिल्यांदा सुट्टीवर आली, तेव्हा तिने त्याला ही कोंबडी सांगितली. "मामा, तिकडे कोंबडी बिअरच्या डब्यावर बसवून भाजतात. आतून वाफ, बाहेरून आच."

कोंबडी डब्यावर कशी बसेल ते मामाने हातांनी करून पाहिलं. मग म्हणाला, "हौ. वाफेचं काम आहे म्हणजे. ते आपल्याला जमतं."

पुढच्या रविवारपर्यंत त्याने एक तेलाचा ड्रम उभा चिरून त्याला बिजागऱ्या आणि कडी लावली होती. निखारे दोन्ही कडेला, मधली जागा मोकळी, तिथे कोंबडी. खाली थेट जाळ असला की चरबी पेटते आणि कातडी करपते, हे त्याला सांगावं लागलं नाही. मसाला मात्र त्याने अमेरिकेचा घेतला नाही. दही, आलं-लसूण, पुदिना, हिरवी मिरची आणि आईच्या डब्यातला काळा मसाला, तो आईने उंबऱ्याच्या आतून चमच्याने वाटीत टाकायचा. डब्यातल्या बिअरमध्ये तो दगडफूल, दोन लवंगा आणि ठेचलेली वेलची घालायचा. वाफ आतून वर चढताना वास घेऊन चढते म्हणायचा. एकदा झाकण लावलं की तासभर कुणी हात लावायचा नाही. दाजी उठून कडीकडे गेले की मामा ओरडायचा, "नक्को दाजी! झाकण उघडलं की सगळी वाफ गेली. विश्वास ठेवायला शिका जरा."

"अरे, पण जळली तर?"

"जळली तर वास येईल ना. नाक आहे न तुमच्याकडे? का ते पण रिटायर झालं?"

आणि डबा उघडण्याचा तो समारंभ. भरलेला डबा चालत नाही, उतू जातो. अर्धा रिकामा करावा लागतो. मामा डबा उघडायचा, आधी पेल्यात अर्धा ओतायचा, मग डबा कानाशी धरून हलवायचा आणि आवाजावरून सांगायचा, बरोबर अर्धा. "अर्धा डबा तिचा, अर्धा माझा. इन्साफ पाहिजे माणसाकडे." सगळे हसायचे. तुमची आई सगळ्यांत जास्त. डब्यात वजन असलं की कोंबडी हलत नाही, हेही त्यानेच आम्हाला समजावलं होतं. खाली जड पाहिजे, मग वरचं ताठ राहतं.

भिंतीपलीकडे खानसाब राहायचे. त्यांना बिअर चालणार नाही म्हणून मामा त्यांची कोंबडी आधी भाजायचा, नव्या निखाऱ्यांवर, आणि डब्याऐवजी लोटीत ताक. भिंतीवरून ताट देताना म्हणायचा, "खानसाब, तुमारी बेगम छाछ पे बैठी है. बेफिकर खाओ." खानसाब ताट घेत म्हणायचे, "बापू मियाँ, कभी तुम भी छाछ पे बैठ के देखो."

तेव्हा तो विनोद होता.

हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात येतं, की मी तुम्हाला एका सुखी माणसाबद्दल सांगते आहे असं वाटेल. तसा तो होताही, रविवारी. बाकीच्या दिवशीही अंगणात कुणीतरी बसलेलं असायचं, पण ते अंगणात होतं. आई संध्याकाळी दिवा लावायची, मागच्या दाराकडे पाठ करून भाजी निवडायची आणि आतूनच विचारायची, "बापू, जेवतोस का?" बाहेरून उत्तर यायचं, "हौ, आलोच." मग नळाचा आवाज. आंघोळ करून, कपडे बदलून, कपाळाला बुक्का लावून मामा आत यायचा आणि आईसमोर बसून वरणभात जेवायचा. आईने त्याच्या तोंडाचा वास कधी घेतला नसेल असं मला वाटत नाही. तिने विचारलं नाही.

आई गेली. तेराव्याला आम्ही सगळे जमलो, तेव्हा मला वाटलं, आता हा घरभर पसरेल. बाटल्या पुढच्या खोलीत येतील, कोंबडी गॅसवर शिजेल, आणि मला आईच्या भांड्यांची काळजी करावी लागेल.

झालं उलटं. आईच्या मागे मामाने तिचा उंबरा तिच्यापेक्षा कडक पाळला. बाटली कधीच आत आली नाही. बाटली आत येऊ शकत नव्हती, म्हणून मामा बाहेर गेला.

आधी एक खुर्ची गेली. मग टेबलपंखा, लांब वायरीने. मग बाज. उन्हाळ्यात बाहेर झोपणं आपल्याकडे काही विशेष नाही, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पाऊस सुरू झाल्यावर त्याने बाजेवर पत्रा टाकला. थंडीत पत्र्याला ताडपत्री लटकवली. मी म्हणायचे, "बापू, आत झोप की रे. एवढं घर पडलंय." तो म्हणायचा, "आत गरम होतं, ताई." डिसेंबरात.

आणि घर? घर तुम्ही बघायला हवं होतं. मी नीटनेटकेपणाचं वेड असलेली बाई आहे, माझ्या फडताळात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आईच्या स्वयंपाकघरात गेलं की मला माझंच घर पसारा वाटायचा. मामा रोज आंघोळ करून आत जायचा, केर काढायचा, देवापुढे दिवा लावायचा, आईचे पितळेचे डबे पुसायचा आणि बाहेर यायचा. पुढे ती आंघोळ सकाळची दुपारवर गेली. मग संध्याकाळवर. काही दिवस व्हायचीच नाही, आणि मग त्या दिवशी तो आत जायचा नाही. भूक लागली तरी. आत फ्रिजमध्ये मी ठेवलेलं जेवण असायचं, आणि हा बाहेर पाव खाऊन झोपायचा. शेवटी खानसाब भिंतीवरून ताट द्यायला लागले. पूर्वी ताटं इकडून तिकडे जात होती.

एकदा खानसाब माझ्याशी दारात बोलले. "आपा, भाई को अंदर बुला लेव. मेरेकू देखा नै जाता."

मी मागच्या दाराशी गेले. मामा बाजेवर बसला होता, हातात पेला. मी उंबऱ्याच्या आत उभी होते, आई बसायची तिथेच.

"बापू, आत ये."

"हातात आहे ना, ताई."

"मग ते खाली ठेव आणि ये."

त्याने पेल्याकडे पाहिलं. चेष्टा करेल असं मला वाटलं. पण तो अगदी साध्या आवाजात, गळती सापडल्यावर जसं सांगायचा तसं म्हणाला, "ते खाली राहत नाही, ताई."

यानंतर तुम्ही दोघं आलात. ईशान सात वर्षांचा होता, रेवा चार. मामाने सकाळीच दाढी केली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाज आणि ताडपत्री कुठेतरी हलवली होती, अंगण धुऊन काढलं होतं. तुम्हाला त्याने दोन पाटांवर समोर बसवलं. नाटकाला बसवतात तसं. त्याचे हात कापत होते, ते तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला ती जादूगाराची लकब वाटली असेल.

डबा त्याने तुमच्यासमोर उघडला नाही. आधीच उघडून ठेवलेला होता. कानाशी धरून हलवलाही नाही. माझ्या ते तेव्हाच ध्यानात आलं आणि तुमच्या आईच्याही. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

"आइए बेगमसाहेबा, तशरीफ रखिए."

त्याने कोंबडी बसवली. लिंबू ठेवलं. ड्रमचं झाकण पुढे ओढलं, ते जरासं आदळलं, आणि बेगमसाहेबा एका बाजूला झुकल्या आणि निखाऱ्यांवर पडल्या. डबा घरंगळत फरशीवर आला. टण टण टण. रिकाम्या डब्याचा आवाज. निखाऱ्यांवर एक थेंब चुरचुरला नाही.

तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. रेवा हसून हसून पाटावरून खाली आली. "ती पडली! परत कर! परत कर!"

मामाने तुमच्याकडे पाहिलं. मग त्याने कमरेत वाकून सलाम केला आणि म्हणाला, "बेगमसाहेबा को चक्कर आ गया." तुम्ही आणखी हसलात. त्याने राख झटकून ती उचलली, परत बसवली, आणि तुमच्यासाठी तिला परत पाडली. मुद्दाम. आणि परत. तुम्ही दमेपर्यंत. तुम्हाला आठवते ती ही कोंबडी. पडणं हा तिचा भाग आहे असं तुम्ही इतकी वर्षं धरून चालला आहात, कारण त्याने ते तसं करून दाखवलं.

नंतर नळाशी तो डबा धूत होता. मी शेजारी जाऊन उभी राहिले. वर न बघता म्हणाला, "डबा गळका निघाला, ताई."

आयुष्यभर ज्याने गळती शोधली, त्याने मला हे सांगितलं. मी टॉवेल दिला.

त्या संध्याकाळी तारनाक्याला परत आल्यावर तुमची आई न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मीच शिकवलं त्याला." मी तिला तेव्हा जे सांगितलं ते इथे परत लिहिते, कारण आत्ता हे तीच वाचते आहे: तू शिकवलीस ती कोंबडी. बाकीचं त्याला आधीच येत होतं. त्या घराला आधीच येत होतं.

मग आम्ही हालचाल केली. तुमचे आजोबा आणि मी त्याला शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेलो. त्याने विरोध केला नाही. पिशवीत दोन सदरे, आईचा फोटो आणि दाढीचं सामान. तिथे तो ऋतू बदलेपर्यंत राहिला. परत आला तेव्हा अंगाने भरला होता, डोळ्यांतली लाली गेली होती, आणि बोलणं कमी झालं होतं. बाज आत आणली. मधल्या खोलीत, म्हणजे आईच्या खोलीत, आईच्या जागी तो झोपायला लागला.

रोज सकाळी मला त्याचा फोन यायचा. "ताई, आत आहे." एवढंच. मी म्हणायचे, "बरं." आणि माझा दिवस सुरू व्हायचा. तुम्हा मुलांना कदाचित हसू येईल, पण मला आयुष्यात कुणी याहून सुंदर वाक्य ऐकवलेलं नाही.

एका रविवारी त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. ड्रम घासून पुसून ठेवला होता. लोटीत ताक. कोंबडीला बसवताना काही बोलला नाही, म्हणून दाजी म्हणाले, "काय मामा, बेगमशी अबोला?" तो हसला. "काय बोलणार, दाजी? तिलाही माहीत आहे ना मी कसा वागलो." खानसाब भिंतीवरून ताट न घेता त्या दिवशी दारातून आले आणि चटईवर आमच्या पंगतीला बसले. "आज सब की बेगम छाछ पे," ते म्हणाले. कोंबडी छान झाली होती. मऊ. मामाने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. "चव आहे," म्हणाला, "पण मला ती लागत नाही."

मला तेव्हा कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. कळून करायचं काय, हे कुणी सांगत नाही.

सकाळचे फोन चालू राहिले. "ताई, आत आहे." "ताई, आत आहे." मग एके दिवशी फोन आला आणि तो म्हणाला, "ताई, जरा बाहेर आहे. हवा छान सुटलीय."

मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. आजोबांनी विचारलं, "काय म्हणतोय बापू?" मी म्हटलं, "हवा छान सुटलीय म्हणतोय."

पुढचं लवकर झालं. परत केंद्र, परत घर, परत बाज बाहेर. पोट फुगलं, पाय सुजले, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मी त्याला तारनाक्याला आमच्याकडे आणलं. आमच्याकडे अंगण नाही, तिसऱ्या मजल्यावर घर. तो गॅलरीत उभा राहायचा आणि दाराकडे बघायचा. एका दुपारी आम्ही उठायच्या आत रिक्षा करून बरकतपुऱ्याला निघून गेला. मी मागोमाग गेले. बाजेवर बसला होता. धापा टाकत होता.

"ताई, तुझं घर छान आहे. पण तिथं बाहेर नाही."

शेवटी त्याला आत यायचं होतं. मी हे ठामपणे सांगू शकते, कारण त्याने मागितलं. संध्याकाळ होती, पाऊस नव्हता, वाराही नव्हता. म्हणाला, "ताई, आईच्या खोलीत झोपू का?" मी म्हटलं, "चल, ऊठ." मी त्याच्या काखेत हात घातला. तो उंबऱ्यापर्यंत आला, थांबला, आणि म्हणाला, "आंघोळ नाही केली."

"राहू दे रे. कोण बघतंय?"

"नक्को ताई. आईचं स्वयंपाकघर आहे."

उभं राहायची ताकद नव्हती, आंघोळ कुठली करणार? मी पाणी तापवायला आत गेले. पाणी घेऊन आले तोवर तो बाजेवर आडवा झाला होता आणि हाकेला ओ देत नव्हता. खानसाबांच्या मुलाने गाडी काढली. दवाखान्यात तो आणखी काही दिवस होता, पण बोलला नाही. तापवलेलं पाणी अंगणात तसंच राहिलं.

त्याला घरी आणलं ते बाजूच्या बोळातून, मागच्या अंगणात. तिथेच, नळापाशी, सीताफळाच्या झाडाखाली त्याला आंघोळ घातली. आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, "आता इथूनच उचलायचं." मी म्हटलं, "नाही. आतून न्यायचं."

"अगं, आंघोळ घातल्यावर परत घरात नेत नाहीत. रीत नाही."

मी आयुष्यभर रीतीने वागलेली बाई. त्या दिवशी मी उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हटलं, "त्याची आंघोळ झाली आहे. तो आत जाईल."

ओल्या केसांचा, नव्या धोतरातला मामा आईच्या स्वयंपाकघरातून गेला. पितळेच्या डब्यांसमोरून, देवापुढून, मधल्या खोलीतून, पुढच्या दाराने बाहेर. खानसाब खांदा द्यायला होते. मी मागे राहिले. अंगणात ड्रम होता. झाकण उघडं होतं.

यातून काही शिकायचं असेल तर ते काय, हे मला माहीत नाही. शिकवणं हा माझा स्वभाव, पण इथे माझ्याकडे धडा नाही. आम्ही त्याच्याशी बोललो, त्याला नेलं, आणलं, प्रेम केलं. काहीच पुरलं नाही. सांगून कुणी थांबतं, असं मला आता वाटत नाही. तरी सांगते, कारण ईशान, तू डबा उंच धरून त्याचं वाक्य बोललास. तू एकवीस वर्षांचा आहेस. उन्हाळ्याचे दिवस, मित्र, अंगण. तुझ्याकडे त्याचं हसणं आहे, तेच वाकून सलाम करणंही.

तर कृती. कोंबडीला आदल्या दिवशी मसाला लाव. निखारे दोन्ही कडेला, मधे मोकळं. डबा उघड, लवंगा, वेलची, दगडफूल घाल. मिळालं नाही तर आईला सांग, मी पाठवते. पण हे घालण्याआधी अर्धा डबा झाडाच्या मुळाशी ओत. आता तू हसशील आणि ओतणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. मग निदान एवढं कर. कोंबडी बसवण्याआधी डबा कानाशी धर आणि हलव. कुणी बघत असलं तरी, नसलं तरी. आत आवाज आला, तर बेगमेला बसव.

नाही आला, तर झाकण लावू नकोस. मला फोन कर.